परक्या गावचे पाणी



गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक आई मला भेटायला थांबली. तिच्या हातात मुलीचा अर्ज होता. मुलगी नर्स आहे, वय सव्वीस. सिस्टरांच्या एका संस्थेतर्फे आफ्रिकेतील एका खेड्यातल्या दवाखान्यात दोन वर्षे विनावेतन सेवा करायला जावे, असे तिच्या मनात आहे. अर्जावर धर्मगुरूची शिफारस हवी होती. (हे सर्व त्या कुटुंबाला विचारून लिहीत आहे. कोणाला ओळख पटलीच, तर कृपा करून त्यांना प्रश्न विचारत बसू नका.)

मला आनंद झाला. मी पेन काढले आणि म्हणालो, "देवानं हाक दिली आहे बाई, नाही कसं म्हणायचं?"

ती बाई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "हाक देवानं दिली फादर, पण सासूबाईंचं भांडं मला उचलायचंय. आजवर रात्रीचं सगळं पोरगीच करत होती. तुम्ही सही करा, मी अडवणार नाही. पण एक सांगा, आपल्या मराठवाड्यातली आजारी माणसं संपली का?"

मी पेन खिशात परत ठेवले. पुण्याला सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, पदवी घेतली, पण त्या पायरीवर मला उत्तर सुचले नाही. "मला आठ दिवस द्या," एवढेच बोललो. आठाचे तीस झाले. आजचा लेख म्हणजे त्या बाईंना द्यायचे राहिलेले उत्तर आहे. प्रश्न एकट्या त्यांचा नाही, म्हणून ते सर्वांसमोर देतो.

प्रश्न असा आहे : घरचे माणूस गरजेत असताना परक्याच्या सेवेला जाणे योग्य आहे का?

यावर दोन सोपी उत्तरे आपल्याकडे तयार असतात. एक म्हणते, आधी घर, मग गाव, मग जमले तर जग. दुसरे म्हणते, जितके दूर जाल तितका त्याग मोठा आणि तितका देव प्रसन्न. पहिले उत्तर आपण नातेवाइकांत बसल्यावर देतो, दुसरे मिशन रविवारच्या प्रवचनात. दोन्ही उत्तरे अंतर मोजून दिलेली आहेत. प्रेम किलोमीटरमध्ये मोजायचे की नाही, हाच तर खरा प्रश्न आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा शांतपणे विचार केला. प्रेमाला क्रम असतो, हे ते मान्य करतात. आईवडील, मुले, शेजारी, गाववाले यांचे आपल्यावर अधिक ऋण आहे. ते झटकून जगावर प्रेम करायला निघणारा मनुष्य संत नसतो, पुष्कळदा तो पळपुटा असतो. परंतु अक्वायनस तिथेच थांबत नाहीत. परका माणूस अगदी टोकाच्या गरजेत असेल आणि आपल्या पित्याची गरज तितकी निकडीची नसेल, तर आधी परक्याकडे धावावे, असे ते लिहितात. पुढे ते आणखी एक गोष्ट कबूल करतात, आणि ती मला फार मोलाची वाटते. कोणाची गरज कधी मोठी, हे एका ठरावीक नियमाने सांगता येत नाही. तिथे शहाण्या माणसाचा विवेक लागतो. एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाने जिथे नियम घालून दिला नाही, तिथे मी पायरीवर उभ्या उभ्या एका वाक्यात निकाल देत होतो!

हा वाद जुना असला तरी शिळा नाही. २०२५ साली अमेरिकेच्या उपाध्यक्षांनी स्थलांतरितांविषयीच्या धोरणाचे समर्थन करताना याच 'प्रेमाच्या क्रमा'चा आधार घेतला होता. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी तेथील बिशपांना पत्र लिहिले. प्रेमाचा खरा क्रम समजून घ्यायचा असेल तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर मनन करा, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत ते देवाघरी गेले.

तो दाखला आपल्याला पाठ आहे, म्हणूनच त्यातली मेख निसटते. शास्त्र्याने येशूला विचारले होते की माझा शेजारी कोण. म्हणजे त्याला यादी हवी होती : इथपर्यंतचे शेजारी, त्यापलीकडचे नाहीत. येशूने यादी दिली नाही. गोष्ट सांगून झाल्यावर त्याने प्रश्नच उलटा केला, की या तिघांपैकी जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शेजारी हा 'असतो' असे आपण समजतो. येशूच्या मते तो 'होतो'. आणि ज्याला त्याने उदाहरण म्हणून उभे केले, तो ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने परजातीचा होता आणि त्याची उपासनाही त्यांना मान्य नव्हती.

म्हणून मीही एक उदाहरण मंडळीबाहेरचे घेतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१०, वैद्यकीचे शिक्षण मुंबईत. १९३८ साली जपानच्या आक्रमणाने होरपळलेल्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. वयाची अठ्ठाविशीही पुरी झालेली नव्हती. चीनमध्ये असतानाच घरी वडील वारल्याची बातमी त्यांना कळली. सोबत्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला, पण ते परतले नाहीत. पुढे त्यांचे काम उत्तर चीनच्या डोंगराळ खेड्यांत सुरू झाले. ते चिनी भाषा बोलायला, वाचायला, लिहायला शिकले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागले. तिथे रोजचे अन्न राळ्याचे होते. १९४१ साली त्यांच्यावर रुग्णालयाची जबाबदारी आली. त्याच वर्षी तिथल्या परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचे नाव 'यिनहुआ' : 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. मूल चार महिन्यांचेही झाले नव्हते, तोच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने डॉक्टर गेले. वय बत्तीस. पथकातले इतर चौघे मायदेशी परतले. कोटणीस तिथल्याच मातीत मिसळले.

डॉ. कोटणीस ख्रिस्ती नव्हते. शेवटच्या वर्षी ते चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. त्यांच्या विचारांशी आपले पुष्कळ ठिकाणी पटणार नाही. पण सोलापूरच्या त्या घराचा विचार करा. नवरा गेला, मुलगा समुद्रापलीकडे. पुढे मुलाचीही बातमीच आली. त्या मातेला कोणी अक्वायनस वाचून दाखवला असता तर तिचे समाधान झाले असते का? मला नाही वाटत. चांगल्या कामाची किंमत पुष्कळदा ते काम करणारा देत नाही, मागे राहिलेले देतात. आपण हार मात्र एकालाच घालतो. आपल्या धर्मग्रामातील त्या बाईने मला हेच तर सांगितले होते, फक्त तिच्या भाषेत.

आता दुसरी बाजू पाहू. दूर जाऊन सेवा करणाऱ्याच्या वाटेवर एक मोठा मोह असतो. घरी आपण कोणी नसतो. तिथे गेल्यावर एकदम 'देणारे' होतो. लोक उठून उभे राहतात, बसायला खुर्ची देतात. सेवा करता करता साहेब कधी झालो, कळत नाही.

मी स्वतः यातून गेलो आहे. सेमिनरीत असताना मला दोन महिने मेळघाटातील एका कोरकू वस्तीवर पाठवले होते. म्हटले तर आपल्याच महाराष्ट्रात, पण भाषा एक अक्षर कळत नव्हती. मी वह्या, खडू, औषधांची पेटी घेऊन 'शिकवायला' गेलो होतो. पहिला आठवडा रोज संध्याकाळी डायरीत लिहायचो : आज इतकी मुले आली, इतक्यांना गोळ्या दिल्या. आठव्या दिवशी मला ताप भरला. पाच दिवस मी एका घरात घोंगडीवर पडून होतो. त्या घरातल्या म्हातारीने मला कुटकीची पेज पाजली, डोक्यावर ओले फडके ठेवले, आणि माझ्या उलटीवर राख टाकून जमीन सारवली. मला 'धन्यवाद' हा शब्दसुद्धा तिच्या भाषेत येत नव्हता. त्या पाच दिवसांचे डायरीत काही नाही, पाने कोरी आहेत. पण ताप उतरल्यावर मी बाहेर आलो तेव्हा मुले माझ्याजवळ येऊन बसली. त्याआधी ती समोर रांगेत बसत असत. काय बदलले होते? मला त्यांची गरज पडली होती, एवढेच.

प्रभू येशूला हे ठाऊक होते. चांगल्या शोमरोन्याचा दाखला लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला येशू बहात्तर शिष्यांना गावोगाव पाठवतो. त्या वेळच्या सूचना पुन्हा एकदा वाचून पाहा. जवळ पैशाची थैली नको, झोळी नको. एकाच घरी राहा, घरे बदलत फिरू नका. जे पुढ्यात वाढतील ते खा. सेवेला निघालेल्या माणसाला ही कसली तयारी? आपण म्हणू, भरपूर सामान द्या, म्हणजे लोकांवर भार नको. येशूला मात्र त्यांनी लोकांवर थोडा भार व्हावे असेच हवे होते. ज्याला त्या गावची भाकर खावी लागते, त्या गावचे पाणी मागावे लागते, तो त्या गावाला तुच्छ लेखू शकत नाही. स्वतः येशूनेही शोमरोनी स्त्रीशी बोलणे सुरू केले ते उपदेशाने नव्हे, पाणी मागून.

परक्या गावातला विश्वास असा रोजच्या गोष्टींत मुरतो. भाषा चुकते, लोक हसतात, आपणही हसायला शिकतो. पाण्यासाठी रांगेत आपला नंबर येईपर्यंत थांबतो. प्रार्थना आपल्या भाषेत करणारे कोणी जवळ नसते, तेव्हा 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' मधला 'आमच्या' हा शब्द पहिल्यांदा नीट ऐकू येतो. त्याच दहाव्या अध्यायाचा शेवट मार्था आणि मरियेच्या घरात होतो, हाही योगायोग नसावा. खूप काम करणारीला येशू सांगतो की आधी बस, ऐक. सेवक म्हणून परदेशी जाणाऱ्याने पहिले सहा महिने हेच करावे.

आपण मराठवाड्याच्या ख्रिस्ती लोकांनी तर हे विसरूच नये, कारण एके काळी 'परदेशातले खेडे' आपणच होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावला जे मिशन सुरू झाले, ते चालवणारे संत फ्रान्सिस डि सेल्सच्या संघाचे धर्मगुरू फ्रान्सहून आले होते. त्यांतील फादर गुरियन जाकिये यांचे नाव आजही आपल्या जुन्या घरांत निघते. तुमच्यापैकी कित्येकांच्या पणज्या-खापरपणज्यांचे बाप्तिस्मे अशाच कोणा दूरच्या आईच्या मुलाने केले असतील. फ्रान्समधल्या त्या आयांनीही कोणाला तरी विचारले असेल : आपल्याकडची गरीब माणसे संपली का? आपण त्यांच्या न मिळालेल्या उत्तरावर उभे आहोत.

शेजारच्या मनमाडचे उदाहरण घ्या. स्पेनहून १९५२ साली भारतात आलेले येशूसंघीय फादर व्हिन्सेंट फेरर यांनी तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर विहिरी खोदल्या. त्यांच्याविषयी संशय निर्माण झाला आणि १९६८ साली त्यांना देश सोडण्याचा हुकूम निघाला. तेव्हा हजारो शेतकरी मनमाडकडून पायी मुंबईला निघाले. पुढच्या वर्षी ते परत आले ते आंध्रातील अनंतपूरला. नंतर त्यांनी येशूसंघ सोडला, पण तिथली माणसे सोडली नाहीत. २००९ साली तिथेच त्यांचे निधन झाले. नगर जिल्ह्यात स्वित्झर्लंडचे फादर हर्मन बाखर दीर्घकाळ राहिले. पाणलोटाची कामे करताना गावाने आधी श्रमदान करावे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळावी, मग बाहेरची मदत यावी, हा त्या कामाचा रिवाज होता. ज्याच्याकडून काही घ्यायचे नाही असे आपण ठरवतो, त्याला आपण कायमचा भिकारी ठरवतो. या पद्धतीत गावालाही देणारे होता आले.

तर मग उत्तर 'जा' असेच झाले का? नाही. शुभवर्तमानात आणखी एक पान आहे आणि ते मला त्या बाईच्या बाजूने उलटावेच लागेल. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू काही धार्मिक लोकांवर रागावतो. आईवडिलांना ज्याचा उपयोग व्हायचा, ते 'कर्बान' म्हणजे देवाला अर्पण, असे म्हणून ते मोकळे होत. आईवडिलांच्या वाट्याचे परस्पर देवाला देऊन टाकता येत नाही. देव ते घेत नाही. आजीच्या अंथरुणापाशी जाणारे दोन हात आफ्रिकेला पाठवून त्याला 'सेवा' म्हणायचे आणि ते ओझे न विचारता आईच्या पाठीवर टाकायचे, हेही कर्बानच होईल.

म्हणजे मुलगी चुकते आहे? तसेही नाही. मी पुढच्या भेटीत त्या घरी गेलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्या घरात दोन मुलगे आहेत. दोघेही धडधाकट, दोघेही आजीचे लाडके. "ती नर्स आहे ना, तिला जमतं," असे म्हणून त्यांनी आजवर आजीचे अंथरूणही बदललेले नाही. मुलगी गेली तर आजीची सेवा बंद पडेल, असे आपण म्हणत होतो. खरे पाहता, सेवा एकीच्याच गळ्यात होती म्हणून ती बंद पडणार होती. 'घर आधी' हे वाक्य आपल्याकडे बहुधा पुरुष बोलतात आणि बायका निभावतात. प्रेमाचा क्रम शिकवायचा तर तो घरातल्या प्रत्येकाला शिकवावा लागेल.

मी त्या बाईंना म्हणालो, "ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे नियम नाही. पण मुलीला जायचं की नाही हे ठरवायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी रात्रीच्या पाळ्या लावून पाहा. महिनाभर. मग मी सही करीन, किंवा तीच म्हणेल की आत्ता नको."

थोरला मुलगा खाली मान घालून बसला होता. आजीने मात्र अंथरुणावरून विचारले, "आफ्रिकेत लई गरम असतंय का? पोरीला तांब्या द्या पितळेचा."

पाळ्या सुरू झाल्या आहेत. अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे. काय ठरेल ते मला माहीत नाही, आणि कोणत्याही निर्णयाने मी त्या मुलीला कमी किंवा जास्त ख्रिस्ती समजणार नाही.

पण त्या पायरीवरच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग माझ्या मानगुटीवर बसला आहे : मराठवाड्यातली आजारी माणसे संपली का? घाटी रुग्णालयात जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडून माणसे येतात. नातेवाईक बाहेर सतरंजीवर रात्र काढतात. शहर त्यांना परके, कागदपत्रांची भाषा परकी. त्यांच्यासाठी हेच परदेश आहे. आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी ज्या घरांत आजाऱ्यांना कम्युनियन घेऊन जातो, तिथे दार उघडणारी बाई बहुधा एकटी असते आणि झोप न झालेली असते. मी पाच मिनिटे थांबतो, आशीर्वाद देतो आणि निघतो. शुभवर्तमानातला याजकही त्या वाटेने असाच पुढे गेला होता, नाही का?

म्हणून एक विनंती आहे. आठवड्यातून दोन तास एखाद्या आजाऱ्याजवळ बसू शकतील, म्हणजे घरच्या बाईला तेवढी झोप मिळेल, अशांनी आज मिस्सानंतर सॅक्रिस्टीत आपले नाव द्यावे. पुरुषांनी विशेष करून द्यावे. ज्या घरी जाल तिथे काही घेऊन जाऊ नका. चहा दिला तर घ्या, पाणी मागून प्या. मंगळवारी दुपारी तीन ते पाच या वेळेपुढे मी माझे नाव लिहिले आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू